अमेरिकी काँग्रेसला परत बोलवा

माननीय श्री. ओम बिर्ला,
अध्यक्ष, लोकसभा, यांस



पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावातून हे पत्र लिहितो आहे. लोकसभेचे अध्यक्ष या नात्याने आपण भारतीय संसदीय गटाचेही अध्यक्ष आहात. आंतर-संसदीय संघात, म्हणजे आयपीयूमध्ये, हाच गट भारताची बाजू मांडतो. माझी मागणी एकच आहे. अमेरिकी काँग्रेसने या संघात परत यावे म्हणून भारताने पुढाकार घ्यावा.

1889 साली ब्रिटनचे विल्यम रँडल क्रेमर आणि फ्रान्सचे फ्रेडरिक पासी या दोन लोकप्रतिनिधींनी पॅरिसमध्ये या संघाची पायाभरणी केली. देशांची भांडणे तोफांनी नव्हे, लवादाने मिटावीत हा त्यांचा आग्रह होता. पुढे दोघांनाही शांततेचे नोबेल मिळाले. अमेरिकी लोकप्रतिनिधी या कामात उत्साहाने होते. 1904 साली संघाची परिषद त्यांच्याच सेंट लुईस शहरात भरली आणि तिथल्या ठरावामुळे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दुसऱ्या हेग शांतता परिषदेसाठी हालचाल सुरू केली. 1993 साली दिल्लीत परिषद झाली तेव्हाही अमेरिका सदस्य होती. त्यानंतर वर्गणीचा वाद वाढला, काँग्रेसमधली आस्था आटली आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका बाहेर पडली. आज 180हून अधिक देशांच्या संसदा संघात आहेत, अमेरिकेची नाही.

मांद्र्याच्या माणसाला याचे काय पडले आहे, असे कुणी विचारेल. पडले आहे, आणि त्याची कारणे इथलीच आहेत.

आमच्या मांद्रे मतदारसंघाचे अनेक वर्षे आमदार राहिलेले रमाकांत खलप 1996 साली केंद्रात कायदा राज्यमंत्री झाले. त्याच वर्षी 12 सप्टेंबरला महिला आरक्षणाचे पहिले विधेयक त्यांनी लोकसभेत मांडले. असे विधेयक मंजूर व्हायला 2023 साल उजाडले, आणि तरीही जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना झाल्याशिवाय ते लागू होणार नाही अशी अट त्यातच आहे. या सत्तावीस वर्षांत कोणत्या देशाच्या संसदेत किती महिला आहेत याचा तक्ता नेमाने मांडत राहिला तो आयपीयू. रवांडा साठ टक्क्यांच्या वर आहे. 2024च्या निवडणुकीत आपल्या लोकसभेत 543 पैकी 74 महिला निवडून आल्या, म्हणजे चौदा टक्केही नाहीत. आमच्या गोवा विधानसभेत 2022 साली चाळीसपैकी तीन. हे आकडे लाजिरवाणे आहेत. म्हणूनच ते कुणीतरी जगासमोर ठेवायला हवेत. एखादी संसद सलग तीन अधिवेशनांना फक्त पुरुषांचे शिष्टमंडळ घेऊन आली, तर तिची मते कापण्याचा नियम संघाने केला आहे. बड्या देशांनाही तो लागू व्हावा असे मला वाटते, पण त्यासाठी ते आधी सभागृहात आले पाहिजेत.

दुसरे कारण तुरुंगाचे. गोवा 1961 साली मुक्त झाला, पण गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे 1969पर्यंत पोर्तुगालच्या कैदेत होते. त्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी जिवाचे रान केले, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपकडे शब्द टाकला. बाहेरून सतत कुणीतरी विचारत राहिले की बंद दाराआडच्या माणसाला आशा राहते, हे गोमंतकीयांना कुणी सांगायला नको. आयपीयूची एक समिती 1976पासून हेच काम करते. छळ झालेल्या, डांबलेल्या, बेपत्ता झालेल्या खासदारांची प्रकरणे ती हाती घेते, सरकारांना जाब विचारते. अशा विचारणेमागे अमेरिकी काँग्रेसचे वजन असणे आणि नसणे यात त्या कैद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

आमची ग्रामसभा रविवारी भरते. जमिनींच्या रूपांतरावरून आवाज चढतात, माईक मागच्या खुर्च्यांपर्यंत पोहोचेपर्यंत दोघेतिघे उभे राहून बोलून मोकळे होतात, कुणी रागाने चालते होते. ठराव मात्र बसलेल्यांच्या हातांनी होतो, आणि त्या ठरावातला रस्ता गेलेल्याच्या दारापुढूनही जातो. अमेरिकेचे तेच झाले आहे. सरकारांना भेटायला संयुक्त राष्ट्रे आहेत. विरोधी बाकावरचे खासदारही देशाच्या शिष्टमंडळात बसतात, बोलतात, ते आयपीयूमध्ये. तिथून एवढी मोठी लोकशाही गैरहजर राहते ही साधी गोष्ट नव्हे.

या कामात भारताचा शब्द चालेल. गुरदयाल सिंग धिल्लों 1973 साली या संघाच्या परिषदेचे अध्यक्ष झाले, 1999 साली नजमा हेपतुल्ला त्या पदावर निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. आपण स्वतः 2019 साली बेलग्रेडला आणि 2024 साली जिनिव्हाला शिष्टमंडळ घेऊन गेला होतात.

सदस्यत्वाचा निर्णय संघाची नियामक परिषद घेते. तिच्या पुढच्या बैठकीत भारताने विषय मांडावा आणि वर्गणीचा जुना पेच सोडवण्यासाठी सन्मान्य तोडगा सुचवावा. त्याआधी भारतीय संसदीय गटाने प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांना निमंत्रणाचे पत्र धाडावे, आणि त्या पत्राखाली सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाकांवरच्या खासदारांच्या सह्या असाव्यात.

आपला,
मांद्रे गावचा एक मतदार