धूर कमी झाला, पण दुरुस्तीचे काय?

चेनसॉसारख्या लहान इंजिनांना अमेरिकेत १९९७ पासून धुराचे नियम लागू झाले. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा सुमारे पाव हिस्सा न जळताच बाहेर जाई. अनेक नव्या यंत्रांत आधी निव्वळ हवा शिरून जळका वायू बाहेर ढकलते. पेट्रोल वाचते, कामगाराच्या छातीत धूरही कमी जातो. हा फायदा आम्ही नाकारत नाही.

मात्र जुने यंत्र आवाज ऐकून, स्क्रू फिरवून जुळवता येई. आता त्या स्क्रूला मर्यादेची टोपी, तर काही यंत्रांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. बिघडले की कंपनीचेच दुकान गाठा!

नियम हवेतच, पण कंपन्यांनी छोट्या मिस्त्रीलाही दुरुस्तीची माहिती आणि हत्यारे दिली पाहिजेत. अन्यथा स्वच्छ हवेची किंमत लाकूडतोड्याच्या रोजीतूनच वसूल होईल, असे आम्हांस वाटते.