कच्च्यांना सोपं नको, सोबत हवी

एफवायबीएस्सीच्या गणिताचा निकाल लागला की स्टाफरूममध्ये एकच निदान ऐकू येतं : ‘पोरांचा पाया कच्चा आहे.’ उपायही ठरलेला. बारावीची उजळणी, सोप्या उदाहरणांचा सराव आणि आत्मविश्वासावर एखादं व्याख्यान. निदान अपुरं आहे. उपाय तर मुलांचं नुकसानच करतो.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्राइसमन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मागे पडत. प्राध्यापकांकडे कारणं तयार होती : जिद्द नाही, पूर्वतयारी नाही, घरची गरिबी, घरच्यांना शिक्षणाची आस्था नाही. ट्राइसमननी मुलं अभ्यास कसा करतात तेच जवळून पाहिलं आणि एकेक कारण गळून पडलं. मुलं कष्ट घेत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांच्या चुका शोधत. मग ट्राइसमननी गट पाडले आणि त्यांच्यापुढे उजळणी नव्हे, चांगली अवघड गणितं ठेवली. निकाल पालटले.

आपला विद्यार्थी तर सीईटीच्या चार पर्यायांतून आलेला. उत्तर निवडता येतं. ते का खरं, हे लिहायची वेळ क्वचितच आलेली असते. मराठी माध्यमातला असेल तर इंग्रजी प्रमेयापुढे तो शंकाही गिळतो. त्याला आणखी सोपी गणितं देणं म्हणजे ‘तुझ्याच्यानं होणार नाही’ असं गोड शब्दांत सांगणं.

‘एवढ्या मोठ्या वर्गात गट पाडून अवघड गणितं देणं कसं जमणार?’ ट्यूटोरियलचा तास आहेच. त्यात फळ्यावर उत्तरं लिहून देणं तेवढं थांबवा. अभिसारी क्रमिका परिबद्ध असते, हे शिकवून झालंय. आता चौघांच्या गटाला विचारा : परिबद्ध क्रमिका अभिसारी असतेच का? कुणी ‘हो’ म्हणेल, कुणी १, −१, १, −१ लिहून दाखवेल. पण तिला सीमा नाही हे सिद्ध कसं करायचं? एप्सिलॉन १ घेतला की विसंगती येते, हे मराठीत भांडून सापडू द्या. वर्गातल्या एखाद्या मुलीला हे स्वतः पटवून देता आलं, तर तिला आत्मविश्वासावरच्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

तेव्हा मुंबई विद्यापीठात असलेले प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेल्या एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) शिबिरांत शिकवणं असंच प्रश्नांतून चालतं. तिथली मुलं निवडून घेतलेली असतात, हे मान्य. पण बर्कलीत ही रीत कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या गटाला उपयोगी पडली. मुलांनी ती मनावर घ्यावी म्हणून अंतर्गत परीक्षेतले काही गुण पाठ केलेल्या सिद्धतेऐवजी स्वतः रचलेल्या, अगदी अर्धवट राहिलेल्यादेखील, युक्तिवादाला द्या. येत्या सत्रापासूनच द्या.