आधी लाकूड, मग इंजिन

मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे. मावळात आणि लोणावळ्यात बंगल्यामागच्या शेडमध्ये जुनी लाकडी मोटरबोट ठेवलेल्या वाचकांनी या आठवड्यात एक काम करावे. बोटीभोवती घट्ट आवळलेली ताडपत्री सोडावी.

कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. झाप पाऊस अडवतो, वारा अडवत नाही. आपली ताडपत्री दोन्ही अडवते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांवर गेला की कुजवणाऱ्या बुरशीचे फावते. त्यात समुद्रातल्या बोटीला मिठाचे थोडेफार संरक्षण असते, घाटमाथ्यावर तेही नाही. साचलेले पावसाचे पाणी लाकडाचा खरा वैरी. म्हणून ताडपत्री उंच आडव्या बांबूवर टाका, दोन्ही टोके उघडी ठेवा आणि तळाचे बूच काढून ठेवा.

आता मूळ मुद्दा. आपल्यापैकी बहुतेकजण दुरुस्तीची सुरुवात इंजिनापासून करतात. ते साहजिकही आहे. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आहे, लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त नौदलाचे सागरी अभियंते १९४५ पासून घडत आहेत, आणि शेतीपंपाचे डिझेल इंजिन खोलून बसवणारा मेकॅनिक मावळात शोधावा लागत नाही. लाकडाचा जाणकार मात्र घाटाखाली आहे. त्यामुळे इंजिन सुरू होते, रंग चमकतो आणि आतले वाक, म्हणजे बोटीच्या लाकडी बरगड्या, तसेच भुसभुशीत राहतात.

सागवान टिकते, यात शंका नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पण सागवानही हलते. ओलावा आठ टक्क्यांनी बदलला, तर १५ सेंटीमीटर रुंदीची फळी सुमारे दोन मिलिमीटरने फुगते किंवा आकसते. एप्रिल-मेमध्ये रुंदावलेल्या फटी कडक लांबीने ठासून भरल्या, तर पाण्यात उतरल्यावर फुगलेल्या फळ्यांना जागा उरत नाही. मग खिळे सैल होतात, वाक तडकतात. जुन्या फळ्यांवर सरसकट फायबर चढवण्याचा सोपा मार्गही आम्हाला मान्य नाही. फळ्या हलत राहतात, थर सुटतो, आणि आत शिरलेले पाणी दिसेनासे होते.

म्हणून कामाची वाटणी ऋतूप्रमाणे करावी. पावसाळ्यात इंजिन, पितळी सामान आणि वायरिंग टेबलावर घ्यावे. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि वॉर्निश दुधाळ होते, त्यामुळे दोन्हींना तेव्हा हात लावू नये. ऑक्टोबरात टोच्याने प्रत्येक वाक, प्रत्येक सांधा तपासावा. लाकूडकाम हिवाळ्यात, रंग त्यानंतर. पेट्रोल इंजिन असेल तर मोटारीचा स्टार्टर किंवा कार्ब्युरेटर बसवण्याची काटकसर करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साठते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

बोट पाण्यात घालण्याआधी कागदही तपासा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटींच्या नोंदणीची आणि तपासणीची तरतूद आहे. धरणाच्या जलाशयात उतरायचे तर धरण ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. गळके इंजिन तिथे नेणे हा छंद नव्हे, बेपर्वाई आहे.

यंदा दिवाळीनंतर, नवा भाग विकत घेण्याआधी, अलिबाग-मुरूडकडचा होड्या बांधणारा एखादा अनुभवी सुतार घाट चढवून घरी आणा. त्याला त्याची पूर्ण मजुरी द्या, त्याने खडूने खुणा केलेल्या जागा आधी दुरुस्त करा, आणि मगच इंजिनाची चावी फिरवा.