फळीला गडद स्टेन नको

शाळेच्या व्हरांड्यातील चवदार तळ्याची फळी माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. २० मार्च १९२७ चा तो प्रसंग मुलांनी शिवणीच्या लाकडावर तापल्या लेखणीने डागून साकारला. ती सागवानासारखी भारदस्त दिसावी म्हणून तिला गडद स्टेन द्यावा, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. हेतू चांगला, तथापि आम्हांस ती मान्य नाही.

डागकामातील काळी रेघ स्टेनखालीही टिकते. फिकट तपकिरी छटा मात्र भोवतालच्या लाकडात विरून जाते. या फळीवर बाबासाहेब ठळक डागलेले आहेत आणि त्यांच्यामागून तळ्यावर उतरणारे सत्याग्रही हलक्या हाताने. स्टेन चढला की बाबासाहेब तेवढे उरतील, माणसे नाहीशी होतील. इतिहासाच्या पुस्तकांनी ते काम आधीच पुष्कळ केले आहे! त्यातून स्टेन पाण्यातला असला तर लाकडाचे तंतू उठतात. मग पॉलिश पेपरने घासणे आले, आणि त्या घासण्यात उरलेसुरले चेहरेही जातात.

रंगहीन लाखेच्या पातळ पॉलिशचे दोन हात पुरेत, तेही आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर पाहून. फिकट छटा उन्हाने विटतात, म्हणून फळी व्हरांड्यातून ग्रंथालयाच्या आतल्या भिंतीवर न्यावी. पावसाळ्यापूर्वी हे व्हावे.