डेलियाची जागा परसात

कोल्हापूर भागात ऊस व भुईमूग पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात हिवाळ्यात डेलिया फुललेला दिसला, की येणाऱ्या-जाणाऱ्याची पावले थबकतात. मग हेच फूल दहा-वीस गुंठ्यांत का लावू नये, असा विचार काहींच्या मनात येतो. तो हिताचा नाही. डेलियास सुवास नाही. पोकळ दांड्याचे हे फूल तोडल्यावर लवकर मान टाकते आणि हारांच्या बाजारात झेंडू-शेवंतीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. परसातील चार वाफे हेच त्याचे योग्य स्थान होय.

नावावरून डहाळीची आठवण होते, परंतु दोहोंचा काही संबंध नाही. झेंडूप्रमाणेच हे झाड मूळचे मेक्सिकोचे. तेथून माद्रिदच्या राजोद्यानात आलेल्या या झाडास कावानिय्येस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये, लिनीअसचा स्वीडिश शिष्य आंडेर्स डाल याच्यावरून हे नाव दिले. डाल १७८९ मध्येच निवर्तला होता. आपले नाव कोणत्या फुलास मिळाले, हे त्या बिचाऱ्यास कळलेच नाही! युरोपात याचे कंद बटाट्याप्रमाणे खाण्याचाही प्रयत्न झाला. चव न रुचल्याने तो मागे पडला, फूल मात्र राहिले.

बटाट्याशी असलेले हे साम्यच लावणी करणाऱ्यास चकविते. बटाट्याचा डोळा कंदावरच असतो. डेलियाचा डोळा जुन्या खोडाच्या बुडाशी, कंदाच्या मानेजवळ असतो. मान तुटलेला कंद कितीही भरदार असला, तरी त्यास कोंब फुटत नाही. असे आंधळे कंद विकत घेणे म्हणजे पैसा मातीत घालणे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढी एकच गोष्ट कंद हातात घेऊन दाखविली, तरी छापील पत्रकांहून अधिक काम होईल.

पंचगंगाकाठची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व तीत कंद कुजतात. तेथे पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, उंच वाफ्यावर लावणी करावी. पन्हाळा-शाहूवाडीकडील निचऱ्याच्या तांबड्या जमिनीत ही भीती कमी. फुले संपून झाड वाळले, की वीतभर खोड ठेवून गड्डा खणावा, सावलीत सुकवावा व कोरड्या वाळूत ठेवावा. पुढील लावणीच्या वेळी प्रत्येक कंदाबरोबर डोळ्यासह खोडाचा तुकडा येईल, अशा बेताने तो चिरावा. एका चांगल्या गड्ड्याचे तीन-चार भाग होतात. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यासही बेणे विकत घ्यावे लागत नाही.