न घेतलेल्या कर्जाचा हिशेब

पै-पैचा हिशेब ठेवणारे आम्ही पुणेकर. पण बँकांच्या दप्तरी आपली पत काय लिहिली आहे, हे किती जण पाहतात? माझ्या पतअहवालात मी कधीच न घेतलेले कर्ज थकीत म्हणून निघाले. सिबिलसारख्या संस्था अशी नोंद परस्पर खोडत नाहीत. कर्ज दाखवणाऱ्या बँकेचा होकार लागतो. म्हणून लेखी तक्रार दोन्हीकडे करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास, एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने, दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. देशात अशा चार संस्था आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवावाच. चूक दुसऱ्याची असली, तरी मुलीच्या शिक्षणाचे कर्ज अडते ते आपले!