फळ्यावरची सूचना

भ्रमणध्वनीवर सूचना धाडली, म्हणजे ती विद्यार्थ्याला पोहोचली, असे अलीकडे मानले जाते. ही समजूत बरोबर नव्हे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचेच उदाहरण घ्या. ही योजना २००८ साली सुरू झाली. शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांनी आठवीत परीक्षा द्यावयाची. निवड झालेल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. सालेकसा-देवरीकडे धानाच्या बांधीत राबणाऱ्या कुटुंबास ही रक्कम काही थोडी नव्हे! परंतु घरातला एकुलता भ्रमणध्वनी पुष्कळदा वडिलांबरोबर रोवणीला गेलेला असतो, आणि इकडे अर्जाची मुदत टळते. म्हणून सूचना फळ्यावर लिहावी, वर्गात मोठ्याने वाचावी, आणि उत्पन्नाचा दाखला कसा काढावयाचा, हेही गुरुजींनी समजावून सांगावे. तहसील कचेरीची पायरी पुष्कळ पालकांनी कधी चढलेलीच नसते.